शांत यादी

"पोरीच्या कानात त्ये काय घाटलंस, वैदे? काढ आधी. उद्या मी कुठं पडले-झडले, तर हाक कुणाला मारू?"

शेजारच्या मालनमावशींनी हे विचारलं तेव्हा मी हसले. वर त्यांनाच समजावलं, "मावशी, हाक बंद होत नाही ह्यानं. फक्त मऊ होऊन ऐकू येते."

"मऊ?" त्या म्हणाल्या. "हाक काय भात हाय व्हय, मऊ करायला?"

मी पुन्हा हसले, रुंजीच्या कानातला मणी नीट बसलाय ना ते पाहिलं आणि दार लावून घेतलं. रुंजी तेव्हा अडीच वर्षांची होती. ती आता सव्वाचारची आहे आणि मला हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

आम्ही इचलकरंजीत राहतो. चार मजल्यांची, सोळा घरांची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर मी, माझा नवरा विश्वजीत आणि रुंजी, आणि भिंतीला भिंत लावून मालन सातपुते. मावशींनी छत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली. एका शेडमध्ये चोवीस माग, बारा तासांची पाळी आणि कानाशी अखंड खटाक-खटाक. तिथल्या माणसाचे कान पन्नाशीच्या आत निम्मे जातात आणि आवाज दुप्पट होतो. आमच्या गावात हे इतकं नेहमीचं आहे, की कुणी मोठ्यानं बोललं तर लोक रागवत नाहीत, "कुणाच्या कारखान्यात होता?" असं विचारतात. म्हणजे, विचारायचे.

मावशींना नवरा नाही, मूल नाही. गडहिंग्लजला एक भाची आहे. रुंजी सहा महिन्यांची असताना मी पुन्हा काम सुरू केलं. एका औषध कंपनीच्या चाचण्यांचे अहवाल मी घरून तपासते. तेव्हापासून रुंजीचा अर्धा दिवस मावशींच्या मांडीवर गेला. "सटवे, दूध पी न्हाईतर तंगडं मोडीन" ही तिची अंगाई होती म्हणा ना. त्या धमकीवर ती गटागटा दूध प्यायची आणि वर खिदळायची.

मण्याबद्दल थोडं सांगते, ज्यांनी अजून घेतला नसेल त्यांच्यासाठी. हरभऱ्याएवढा असतो, कानात बसतो, दिसतसुद्धा नाही. बाहेरून येणारी प्रत्येक ध्वनिलहर तो टिपतो आणि तिच्या बरोबर उलटी लहर आत सोडतो. हिचा जिथे उंचवटा, तिथे तिचा खळगा. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाच्या पडद्यापर्यंत काहीच पोचत नाही. ही युक्ती जुनीच आहे, विमानात बसणारे वापरायचे. नवीन आहे तो पुढचा भाग. गिळलेल्या वाक्याचा अर्थ मणी समजून घेतो, त्यातली शिवी, टोमणा, आवेश गाळतो आणि तेच वाक्य बोलणाऱ्याच्याच आवाजात नव्यानं घडवून आपल्याला ऐकवतो. या सगळ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ओठ आणि शब्द यांत जरासं अंतर पडतं, म्हणून पहिले चार दिवस सगळी माणसं डब केलेल्या सिनेमातली वाटतात. मग मेंदू जुळवून घेतो. मेंदू कशालाही जुळवून घेतो, हीच तर पंचाईत आहे.

खोटं कशाला सांगू, मला मणी हवा होता. समाजाची पातळी घसरलीय असं जे सगळे म्हणत होते त्यात मीही होते, आणि आम्ही चुकीचं म्हणत नव्हतो. पार्किंगच्या एका फुटावरून रोज कुणाची तरी आई निघायची. स्कूलबसमध्ये पाचवीतली मुलं जे बोलायची ते ऐकून ड्रायव्हर लाजायचा. निवडून आलेली माणसं माईकवरून एकमेकांचा बाप काढायची आणि आम्ही ते एकमेकांना पाठवायचो, खाली हसणारी तोंडं टाकून. रुंजीनं दुसऱ्या वाढदिवसाला केक कापताना सासूबाईंच्या मैत्रिणींसमोर एक शब्द उच्चारला, खणखणीत आणि अगदी योग्य संदर्भात. तिनं तो पार्किंगमधून उचलला होता. त्या दिवशी मी ठरवलं, हिच्या कानावर हे पडू द्यायचं नाही.

तेवढ्यात 'सौम्य' कंपनीचे मणी आले. आधी हौसेनं, मग सोसायट्यांमधून सरसकट. प्रत्येक मणी आसपासचा आरडाओरडा मोजायचा आणि त्यावरून घराचा, इमारतीचा एक आकडा निघायचा: सौम्यांक. शंभरातला. नव्वदच्या वर गेलेल्या इमारतीला दारावर लावायला पितळी पाटी मिळायची. आमचे अध्यक्ष मगदूमसाहेब त्या पाटीसाठी जिवाचं रान करत होते. निवृत्त माणूस, दुसरं काम काय? वॉचमन बजरंगलासुद्धा त्यांनी सोसायटीच्या खर्चानं मणी घालायला लावला.

आणि मग शाळा आल्या. रुंजीसाठी मला हवी असलेली शाळा घराचा सौम्यांक ऐंशी मागत होती. आमचा होता एकाहत्तर. विश्वजीत आणि मी तर वर्षभरात एकदाही भांडलो नव्हतो. निदान ऐकू तरी आलं नव्हतं. ॲपवर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: 'घरात वारंवार उच्च व आक्रमक स्वर. स्त्री, अंदाजे सत्तर वर्षे.'

मी मावशींना सांगून पाहिलं. त्यांनी खरंच प्रयत्न केला. तोंडासमोर हात धरून, मान खाली घालून बोलायच्या.

"आशी? आता बरं हाय?" त्या विचारायच्या, आणि विचारतानाच आवाज जिन्यापर्यंत जायचा.

"अजून थोडं हळू, मावशी."

"माझं मला ऐकाया येत न्हाई गं. किती हाय त्ये कळणार कसं? तूच हात वर-खाली कर, मी तसं बोलते."

दोन दिवस मी हात वर-खाली केला. तिसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती, रुंजी गॅलरीच्या कठड्यावर चढायला लागली आणि मावशींनी छत्तीस वर्षांच्या कारखान्याच्या आवाजात तिला खाली उतरवलं. रुंजीला मण्यातून काय ऐकू आलं कोण जाणे, पण मावशींचा हातही पोचला म्हणून बरं. सौम्यांक मात्र सदुसष्ट झाला. माझ्या पोरीला वाचवलं त्या दिवशी मी त्या आकड्यासाठी रडले. हे मी लिहितेय, कारण लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीत मगदूमसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "वैदेही, तुमच्या अडचणीवर उपाय आहे. शांत यादी."

"म्हणजे?"

"काही नाही हो. दोन सज्ञान माणसांची तक्रार आणि अध्यक्षांची सही, एवढंच. मग त्या व्यक्तीच्या आवाजाचा ठसा इमारतीतल्या सगळ्या मण्यांना दिला जातो. तो आवाज आला की मणी पूर्ण गाळतो. मऊ वगैरे करत बसत नाही."

"म्हणजे मावशी बोलल्या तरी ऐकू येणार नाही?"

"त्यांना काही त्रास नाही ना! त्यांना बोलू द्या की हवं तेवढं." ते हसले. "आणि धोक्याची हाक कधीच गाळली जात नाही, असं कंपनीनं लेखी दिलंय. एक तक्रार माझी आहेच. जिन्यात पान थुंकलं म्हणून मला चारचौघांत काय बोलल्या, आठवतं ना?"

आठवत होतं. मावशींनी त्यांच्या हातात फडकं दिलं होतं आणि त्यांनी पुसेपर्यंत कंबरेवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या होत्या. सगळी इमारत आतून खूश झाली होती. त्यानंतर सहा महिने जिना स्वच्छ राहिला.

दुसरी तक्रार माझी. फोनवर अंगठा टेकवला, झालं. चहाचा कप धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

आठवड्यात सौम्यांक चौऱ्याऐंशी झाला आणि मी रुंजीला पाळणाघरात घातलं. मावशींना सांगितलं, "शाळेची सवय व्हावी म्हणून." त्यांचे ओठ हलले. मी "हो ना" म्हणाले.

एखादं माणूस असं नाहीसं करता येतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. मावशी जिन्यात दिसायच्या, हात हलवायच्या, तोंड हलायचं, आवाज नाही. कुकरची शिट्टी ऐकू यायची, खालची रिक्षा ऐकू यायची, मावशी नाही. रुंजीला पहिल्यांदा ती गंमत वाटली. "मावशी आता नुसतं तोंड हलवते," ती म्हणाली. मग हळूहळू तिनं तिकडं बघणं सोडलं. लहान मूल कुणाला विसरायला किती दिवस घेतं, माहितेय? अकरा. मी मोजले.

बाकी इमारतीचं काय झालं ते सांगते. जिन्याचे कोपरे पुन्हा लाल झाले. पहिल्या मजल्यावरचे पिण्याच्या पाण्यानं गाडी धुऊ लागले. लिफ्टमध्ये कुणीतरी पिशवीभर कचरा ठेवून जायला लागलं. मावशी प्रत्येकाला बोलत असणारच, त्यांचे हातवारे दिसायचे. पण आता कुणालाच लाज वाटत नव्हती, कारण लाज वाटायला आधी ऐकू यावं लागतं. आणि सौम्यांक? एक्याण्णव. पितळी पाटी आली. मगदूमसाहेबांनी पेढे वाटले आणि पेढ्याचे कागद जिन्यातच पडले.

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी मावशींनी बेल वाजवली. हातात आंबिलीचं भांडं. भांडं माझ्या हातात देऊन त्या बराच वेळ बोलल्या. कपाळाला हात लावला, बोटं गोल फिरवली, मग माझ्याकडं बघत राहिल्या. प्रश्न होता, एवढं कळलं. मणी काढला असता तर कळलं असतं काय ते. पण मणी काढून ठेवलेली मिनिटंही मोजली जातात, त्यानं आकडा उतरतो, आणि बुधवारी शाळेची मुलाखत होती.

"हो, हो मावशी," मी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझ्या गालावरून हात फिरवून त्या गेल्या.

रविवारी रुंजीचा कान ठणकायला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि आठवडाभर मणी घालायचा नाही म्हणून सांगितलं. म्हणजे त्या दिवसापासून आमच्या घरात खरं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते चार वर्षांचं होतं.

रविवारी दुपारी ती माझ्याकडं आली. "आई, मावशी ओरडतेय."

"ओरडू दे. त्या नेहमीच ओरडतात."

"तुला बोलावतेय."

"नंतर जाऊ हं. झोप आता."

संध्याकाळी परत. "आई, मावशी अजून ओरडतेय." विश्वजीत मॅच बघत होता. तो म्हणाला, "बघ, आकडा का पडत होता ते कळलं?" आणि आम्ही दोघं हसलो. हसलो आम्ही.

सोमवारी विश्वजीत कामावर गेला. मी लॅपटॉपवर होते. रुंजी भिंतीशी बसून खेळत होती, असं मला वाटलं. साडेअकरा वाजले असतील. ती भिंतीशी बोलत होती. मध्येच थांबायची, मान कलती करायची, पुन्हा बोलायची.

"मावशी, आई म्हणते तू नेहमीच ओरडतेस."

थांबली.

"मला कडी नाही पुरत गं."

थांबली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. स्टीलचं फुलपात्र दोन्ही हातांत धरून, सांडत सांडत ती परत आली आणि ते तिनं भिंतीला टेकवून ठेवलं.

"रुंजी, पाणी का सांडतेस? कुणाला आणलंयस ते?"

"मावशीला. ती कालपासून पाणी मागतेय."

मी मणी काढला.

दीड वर्षात माझ्या कानांनी ऐकलेला तो पहिला उघडा आवाज. मावशींचा वाटतच नव्हता. वाळलेल्या पानावरून काहीतरी घासत जावं तसा. "वैदे... ए वैदे... पानी..."

मी बजरंगला वर बोलावलं. त्याच्या कानात मणी, त्याला काही ऐकू येईना. तो म्हणाला, "मॅडम, आत तर कोणच न्हाई." मी त्याचा मणी उपटला. आता त्यालाही ऐकू आलं. दोन धक्क्यांत त्यानं कडी तोडली.

मावशी दाराच्या आत तीन हातांवर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन आत ओट्यावर चार्जिंगला. अंगावर इस्त्रीची जांभळी साडी होती, केसांना तेल लावून वेणी घातलेली, आणि मनगटात बाहेर जायची पिशवी तशीच अडकलेली. पंचवीस तास.

बाहेर निघालेल्या बाई दारापाशी पडल्या, इतकंच मला तेव्हा कळलं. कुठं निघाल्या होत्या ते दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यांचा घसा पार बसला होता. माझ्या दोन्ही कानांत काही नव्हतं, आणि तरी वाकून ऐकावं लागत होतं.

"तू हो म्हनालीस की, वैदे."

"कशाला मावशी?"

"शनवारी. चक्कर येतीया, उद्या धा वाजता डाक्टरकडं नेशील का, म्हनलं. तू हो हो म्हनालीस. मी साडी नेसून बसले. अकरा वाजले, तू येईनास, म्हनून बघायला उठले."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, अंगठा, जानेवारी. त्या छताकडं बघत होत्या.

"म्हंजी इतकं दिस मी बोलतीया त्ये कुनालाच ऐकाया येत नव्हतं?"

"नाही."

"आनि तू मान हलवत हुतीस."

"हो."

मग त्या मला बोलल्या. बसलेल्या घशानं, दम खात खात, जे मनात आलं ते सगळं. एकही शब्द मऊ नव्हता. मी ऐकत उभी राहिले. नर्स आत आली, मावशींकडं बघून तिनं विचारलं, "आजी कविता म्हणतायत का?" तिच्याही कानात मणी होता. इथं निदान यादी तरी नव्हती.

शेवटी त्या म्हणाल्या, "पोरीला माझ्याकडं धाडू नको आता. तिनं पानी आनलं म्हनतीस, तिचं भलं हुईल. तू येऊ नको." भाची येऊन त्यांना गडहिंग्लजला घेऊन गेली. मी रोज फोन करते. त्या उचलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

कंपनीला मी विचारलं, धोक्याची हाक कधीच गाळली जात नाही म्हणालात ना? तिथल्या एका तरुण इंजिनिअरनं मला नीट समजावून सांगितलं. त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं, हेच भयंकर होतं. मण्याला सेकंदाच्या पाचव्या भागात सगळं उरकायचं असतं. म्हणून पहिली पायरी सोपी ठेवलीय: आवाजाचा ठसा यादीत आहे का? असेल तर तिथंच गाळायचं. अर्थ काढायची पायरी दुसरी. "यादीतल्या माणसाचा अर्थ काढण्यात वेळ का घालवायचा, मॅडम?"

म्हणजे आधी कोण बोलतंय ते बघायचं, काय बोलतंय ते नंतर. मला राग यंत्राचा नाही आला. यंत्र हे कुणाकडून शिकलं? मालन सातपुतेला जिन्यातून येताना बघून 'आली बया' म्हणत दार लावून घेणारी आम्ही बाकीची पंधरा घरं, मणी यायच्या आधीपासून हेच तर करत होतो.

सोसायटीची बैठक झाली तेव्हा मी मणी न घालता गेले. उभी राहिले आणि ओरडले. हो, ओरडले. एक बाई भिंतीपलीकडं पंचवीस तास पाणी मागत होती आणि आपण पेढे खाल्ले, असं म्हणाले. पातळी शिव्यांनी जात नाही, कुणी चुकीचं केलं तर त्याला तोंडावर सांगणारं माणूस गेलं की जाते, असं म्हणाले. ह्या इमारतीची लायकी त्या एका बाईच्या घशावर टिकून होती आणि तो घसा आपण दाबला, माझ्या अंगठ्यानं दाबला, असं म्हणाले. माझा आवाज फाटला.

समोर पंधरा चेहरे शांत, प्रसन्न. एकदोघांनी मान डोलावली. मगदूमसाहेब म्हणाले, "फार छान सूचना मांडलीत, वैदेही. इतिवृत्तात घेऊ."

मी म्हणाले, "मणी काढा! काढा ते कानातून!"

"हो, हो," ते म्हणाले, "सवडीनं नक्की विचार करू."

म्हणून मी लिहितेय. लिहिलेलं अजून तरी कुणी मऊ करत नाही.

रुंजीला त्या शाळेत प्रवेश मिळाला. मी नको म्हणून कळवलं. विश्वजीत आणि मी त्यावरून दोन तास भांडलो, दोघांच्याही कानांत काही नसताना. तो मला काय काय बोलला, मी त्याला काय काय बोलले! शेवटी तो म्हणाला, "तू इतकी घाबरलेली असतेस, हे मला माहीतच नव्हतं." मला बोलून दाखवायची संधीच कुठं होती? माझी भीती त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तिची विनंती झालेली असायची.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

गेल्या आठवड्यात मी माझी तक्रार मागे घ्यायला सोसायटीच्या ऑफिसात गेले. मॅनेजरनं पडदा माझ्याकडं वळवला, "इथं सही करा" म्हणून. शांत यादी समोर उघडी होती. त्यात तीन ओळी होत्या. पहिली मावशींची. दुसरी पहिल्या मजल्यावरच्या कुत्र्याची. तिसरी: केतकी, घर क्रमांक ३०४. तक्रारदार: पती. दुसरी तक्रार: सासू. खाली अध्यक्षांची सही. तारीख गेल्या ऑगस्टची.

तीनशे चार म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर. माझ्याच वयाची मुलगी. मला ती कधी बोललेली आठवेना. लिफ्टमध्ये एकदा ती माझ्याकडं वळली होती, ओठ हलले होते, आणि मग तिच्या नवऱ्यानं बटण दाबलं होतं. मी हसून नमस्कार केला होता. घरी येऊन विश्वजीतला म्हणाले होते, "वरची सून किती शांत आहे रे. किती सुसंस्कृत घर." हे मी म्हणाले होते.

ऑगस्ट ते जानेवारी, सहा महिने. माझ्या छतावर ती काय ओरडत होती मला माहीत नाही. काहीच ओरडत नसेलही. नवराबायकोची साधी भांडणं असतील, सासूला आवाज खुपत असेल. मगदूमसाहेब म्हणतात, "दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला?" पण मावशीही नेहमीसारख्याच ओरडतायत असंच मला वाटलं होतं.

जानेवारीअखेर त्यांनी घर सोडलं. सामान नेणारा टेम्पोवाला म्हणाला, सांगलीकडं गेले, नक्की ठिकाण त्याला सांगता आलं नाही. कंपनी पत्ता देत नाही. ग्राहकाची माहिती गोपनीय असते म्हणे. एवढं मात्र इंजिनिअरनं सांगितलं: घर बदललं तरी यादीतलं नाव नवऱ्याच्या खात्याबरोबर पुढच्या इमारतीत जातं. नव्या अध्यक्षाची सहीसुद्धा लागत नाही. पोलीस चौकीत गेले, तर विचारतात, तक्रार कुणाची? मी म्हणाले, तिची असेल, पण ती कुणालाच ऐकू गेलेली नाही. ते त्यांच्या रकान्यात बसत नाही.

तर तुम्हाला विचारते. सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही राहत असाल, तुमच्या इमारतीत फेब्रुवारीपासून कुणी नवीन राहायला आलंय का? नवरा, त्याची आई आणि अठ्ठावीस-तिशीची एक मुलगी? ठेंगणी, सावळी, डाव्या भुवईत व्रण आहे, आणि तुम्ही तिला अजून एकदाही बोलताना ऐकलेलं नाही?

तो कामावर जातो तेव्हा जा. विरजण मागा, काहीही मागा. दारात सासू आली तरी हटू नका, सुनेला बाहेर बोलवा. जायच्या आधी कानातला मणी काढून घरी ठेवा, आकडा पडू दे. आणि तिला विचारा, "केतकी, काय म्हणत होतीस?" मग ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका. आजच जा.